गळ टाकण्याआधी

सिएटलला आलास, मासेमारीचं लायसन्स काढलंस, छान. पण सॅमन माशासाठी कॅच कार्डही लागतं, म्हणजे पकडलेले मासे नोंदवायचं कार्ड. मासा ठेवला की तिथल्या तिथे नोंद, घरी जाऊन नाही. आधी पाठ बघ. शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर मासा हॅचरीचा, म्हणजे माणसांनी अंडी उबवून वाढवलेला. शाबूत असेल तर बहुधा जंगली. तो बऱ्याच ठिकाणी सोडावाच लागतो, शक्यतो पाण्याबाहेर न काढता. नियम हंगामाच्या मध्येही बदलतात, निघायच्या सकाळी पुन्हा तपास.

शरदात ओढ्याच्या तळाशी फिकट, धुतल्यासारखे गोटे दिसले तर पाय ठेवू नकोस, खाली सॅमनची अंडी असतात.

आणि शनिवारी आमच्याबरोबर ओढ्याकाठची हिमालयन ब्लॅकबेरी उपटायला ये, बाहेरून येऊन फोफावलेलं काटेरी झुडूप आहे ते. नाव हिमालयाचं, मूळ आर्मेनियाकडचं! तिच्या जागी विलो, सीडरची झाडं लावतो; सावलीने पाणी गार राहतं. काटे हातमोज्यातूनही टोचतात, चामड्याचे आण.