वाचकांचे प्रश्न : खाटेपाशी हाताची स्वच्छता

प्रश्न : मी इंदूरमधील एका खासगी रुग्णालयात वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. भिंतीवर सूचना लावल्या, प्रशिक्षणही झाले. तरी गडबडीच्या वेळी डॉक्टर आणि सिस्टर एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे हात न धुताच जातात. काहीजण सकाळी घातलेले हातमोजे दुपारपर्यंत काढत नाहीत. बेसिन एकच, तेही वॉर्डच्या टोकाला आहे. रागावून उपयोग होत नाही. काय करावे?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातील खरी अडचण त्या एकुलत्या बेसिनमध्ये आहे. दर रुग्णामागे टोकापर्यंत जाऊन साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवायचे ठरवले, तर इंजेक्शनांच्या वेळा टळतील. म्हणून सिस्टरना बेफिकीर म्हणणे मला अन्यायाचे वाटते. आपल्या शहरातही कचऱ्याची गाडी दारापर्यंत येऊ लागली, तेव्हाच कोपऱ्यावर कचरा टाकण्याची सवय मोडली. तेव्हा प्रत्येक खाटेला आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर हँडरबची, म्हणजे पाण्याविना हातांवर चोळायच्या अल्कोहोलयुक्त द्रावणाची बाटली ठेवा. हात मळलेले दिसत नसतील, तर तो २० ते ३० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत आणि अंगठ्यालाही चोळणे पुरेसे असते. जुलाबाच्या काही जंतूंवर मात्र तो चालत नाही, तिथे साबण-पाणीच हवे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांत खाटेजवळचा हँडरब, भित्तिपत्रके आणि वरिष्ठांचा पाठिंबा यांच्या जोरावर हात स्वच्छ करण्याचे प्रमाण १९९४ ते १९९७ या काळात ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले.

हातमोज्यांची सवय मला अधिक चिंतेची वाटते, कारण त्यांत स्वतःच्या सुरक्षिततेची खात्री असते आणि रुग्णाचा विचार राहून जातो. ज्या मोज्याने एकाची लघवीची पिशवी रिकामी केली, त्याच मोज्याने केस-पेपर, पलंगाचा कठडा आणि शेजारच्याची सलाईनची नळी हाताळली जाते. मोजे रुग्णागणिक बदलावेत आणि काढल्यावरही हात स्वच्छ करावेत, हे राउंडवर प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. त्यासाठी मुख्य डॉक्टरांना आधी एकांतात भेटून विनंती करा. सर्वांदेखत त्यांनी पहिल्या खाटेपाशी हात चोळले, तर मागचे निवासी डॉक्टरही चोळतील.

बाटली भरण्याची जबाबदारी दर पाळीला एका व्यक्तीच्या नावावर लिहून ठेवा; रिकामी बाटली दोन दिवस लटकत राहिली, तर लोक तिच्याकडे हात नेणेच सोडतात.