थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला, मग डोळे का असे?

प्रश्न : डॉक्टरताई, मी इंदूरची, वय ३९. पाच महिन्यांपूर्वी वजन भराभर उतरलं, छाती धडधडायची, हात कापायचे, टीएसएच एकदम कमी निघालं, म्हणजे थायरॉइड जास्त चालतंय. थायरॉइड आटोक्यात आणणारी कार्बिमाझोलची गोळी चालू आहे आणि आता टी३-टी४ ही थायरॉइडची हार्मोन्स नॉर्मल आलीत. पण डोळे मोठे, लाल दिसतात, सकाळी वाळू गेल्यासारखं टोचतं, राजवाड्याकडे स्कूटीनं गेलं की नुसतं पाणी वाहतं. सासूबाई म्हणतात गोळीनंच डोळे बिघडले, बंद कर. काय करू? मिस्टर घरात सिगारेट ओढतात, त्याचा काही संबंध आहे का?

उत्तर : ताई, डोळे गोळीनं नाही बिघडले, आणि ती मनानं बंद तर मुळीच करू नका. तुमची लक्षणं ग्रेव्हज या आजाराची वाटतात, त्यात शरीराच्या अँटीबॉडीज थायरॉइडला सारख्या डिवचत राहतात आणि त्याच डोळ्यामागच्या चरबीला नि स्नायूंनाही सूज आणतात, आता खोबणीला चहूबाजूंनी हाड, सूज जाणार कुठे, म्हणून डोळा पुढे येतो आणि पापणी वर ओढली जाते. डोळ्यांचा आजार आपल्या गतीनं चालतो, कधी थायरॉइडच्या आधी कधी नंतर, म्हणून रक्त सुधारलं तरी डोळे मागे राहू शकतात. तरी थायरॉइड काबूत ठेवणं डोळ्यांसाठीच गरजेचं आहे, गोळी बहुतेकांना १२ ते १८ महिने लागते. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा, ताप आला किंवा घसा खूप दुखला तर त्या दिवशी गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जाऊन सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करा, कारण क्वचित या औषधानं पांढऱ्या पेशी फार खाली येतात. आणि केस गळतात म्हणून बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर तपासणीच्या वेळी सांगा, त्यानं थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

सिगारेटचा संबंध आहे, आणि चांगलाच आहे. ओढणाऱ्याचे डोळे तर या आजारात जास्त बिघडतात, पण घरातला धूरही तुम्हाला नको, मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या. पुढे कोणी रेडिओआयोडीन, म्हणजे थायरॉइड मंद करणारं किरणोत्सारी औषध, सुचवलं तर डोळ्यांचं आधी सांगा, त्यानं ते वाढू शकतं, गरज पडली तर सोबत स्टेरॉइड देतात.

रोजचं म्हणाल तर दिवसा टिअर ड्रॉप, रात्री जेल, डोकं थोडं उंच ठेवून झोपा, स्कूटीवर मोठा गॉगल. रात्री पापण्या पूर्ण मिटतात का ते घरच्यांना बघायला सांगा, उघड्या राहिल्या तर बुबुळाला जखम होते. एकाचे दोन दिसू लागले, नजर कमी झाली किंवा लाल रंगाच्या वस्तू फिक्या दिसू लागल्या तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, तेव्हाच डोळ्यांच्या दवाखान्यात जा. तसं काही नसलं तरी या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवाच, आणि जाताना दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या लग्नातला तुमचा चेहरा स्पष्ट दिसणारा फोटो न्या, किती फरक पडलाय ते त्यांना त्यावरून लगेच कळेल.