ब्लडरूटच्या हर्बेरियम नोंदी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिका-कॅनडाच्या पूर्व भागातल्या जंगलात वसंताच्या सुरुवातीला फुलणाऱ्या ब्लडरूट या छोट्या रानझाडाच्या हर्बेरियम नोंदी (म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या नोंदी) मी जीबीआयएफ या जीवजातींच्या नोंदींच्या खुल्या जागतिक संकेतस्थळावरून उतरवून घेतल्या आहेत. फुलण्याचा काळ पूर्वीपेक्षा लवकर येऊ लागला आहे का, हे पाहायचं आहे. लेबलावरची तारीख हीच फुलण्याची तारीख धरू का?

उत्तर : धरू नका. त्या दिवशी ते झाड शीटवर, म्हणजे नमुना चिकटवलेल्या कागदावर, दिसतं त्या अवस्थेत होतं, एवढंच ती तारीख सांगते. पहिलं फूल कधी आलं, हे तिच्यातून कळत नाही. म्हणून प्रत्येक शीटचं छायाचित्र उघडा आणि अवस्था स्वतः नोंदवा : कळी, फूल, फळ की नुसतं पान.

ब्लडरूट इथे हमखास फसवतं. त्याची दोन निदलं (कळीवरची आवरणं) फूल उमलतानाच गळतात आणि पाकळ्याही थोड्याच दिवसांत झडतात. नमुना दाबून वाळवायच्या प्रेसमध्ये तर हात लागला तरी सुटतात. त्यामुळे पाकळ्या नाहीत म्हणून ‘फुलोरा संपला’ असं लिहू नका. पान बघा. ते फुलाच्या दांड्याभोवती गुंडाळलेलं असेल आणि पुंकेसर शिल्लक असतील, तर ते फूलच. पान पंजाएवढं पसरलंय, अंडाशय शेंगेसारखा लांबट फुगलाय, तर फुलणं केव्हाच आटोपलेलं आहे. शीटवर चिकटवलेली कागदी पुडीही पाहा. गळलेल्या पाकळ्या बहुधा तिच्यात ठेवतात.

मग हिशेबात फक्त फुलातल्या शीट घ्या आणि प्रत्येक तारीख त्या ठिकाणच्या, त्याच वर्षीच्या वसंतातल्या सरासरी तापमानाशी ताडून पाहा. अक्षांश आणि उंची गणितात हवीच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जियातलं ब्लडरूट कॅनडातल्या क्वेबेकच्या कितीतरी आधी फुलतं. जुन्या शीट उत्तरेकडच्या आणि नव्या दक्षिणेकडच्या निघाल्या, तर काहीही बदललेलं नसताना फुलण्याचा काळ लवकर येऊ लागल्यासारखा दिसेल.

प्रश्न : एकाच संकलकाच्या, एकाच तारखेच्या तीन-चार नोंदी दिसतात. चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. एकाच वेळी गोळा केलेल्या नमुन्याच्या प्रती वेगवेगळ्या हर्बेरियमना पाठवायची जुनी पद्धत आहे. संकलकाचं नाव, संकलन क्रमांक आणि तारीख जुळत असेल तर ती एकच नोंद मोजा, नाहीतर एका माणसाच्या एका फेरीचं वजन चौपट होतं.

याच वेळी १ जानेवारीच्या नोंदीही वेगळ्या काढा. फक्त वर्ष माहीत असलं की काही ठिकाणी अशी तारीख भरली जाते. ‘४/५/९८’ सारख्या लेबलावर जास्त वेळ द्या. अमेरिकी रीतीने ते ५ एप्रिल, पण ४ मेही असू शकतं, आणि ब्लडरूटच्या पट्ट्यात दोन्ही तारखा शक्य आहेत. त्याच संकलकाचे मागचे-पुढचे क्रमांक काढून त्यांच्या तारखा पाहिल्या की बहुतेकदा उलगडा होतो.

प्रश्न : लेबलावर फक्त काउंटीचं (जिल्ह्यासारख्या विभागाचं) नाव आहे. अशी शीट टाकून द्यावी का?

उत्तर : सपाट मुलखातली ठेवा, डोंगराळ काउंटीतली वगळा, कारण तिथे उंची ठरवता येत नाही. नोंदीत अक्षांश-रेखांश दिसले तरी ते काउंटीच्या मध्याचे असू शकतात. ठिकाण किती चुकू शकतं हे सांगणारा अनिश्चिततेचा रकाना तपासा.

प्रश्न : पाकळ्या न गळता नमुना दाबायचा कसा?

उत्तर : आधी जागेच्या मालकाची परवानगी घ्या, आणि वीस झाडं असतील तरच एक उचला. फूल उन्हात उघडतं आणि रात्री मिटतं, म्हणून उघडं असतानाच खुडून जागच्या जागी वर्तमानपत्राच्या घडीत ठेवा. घरी नेईपर्यंत थांबलात तर पाकळ्या पिशवीतच राहतील. जमिनीखालचं जाड खोड धुऊन उभं चिरा, नाहीतर आत बुरशी धरते. त्याचा नारिंगी-लाल चीक पसरतो, म्हणून खाली टिपकागदाचा जादा तुकडा घाला. सुरुवातीचे तीन-चार दिवस टिपकागद रोज बदला. पण वर्तमानपत्राची घडी उघडू नका, पाकळ्या सुटतात त्या तिथेच. पूर्ण वाळल्यावर साधारण २९ बाय ४२ सेंटिमीटरच्या शीटवर लावा. संग्रहात ठेवण्यापूर्वी प्लॅस्टिकमध्ये घट्ट बंद करून उणे २० अंश सेल्सिअसला आठवडाभर गोठवा, म्हणजे कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. शीट खोलीच्या तापमानाला आली नसेल तर तिच्यावर दव धरतं.