३-३ नंतर घाई नको

प्रश्न : ताई नमस्कार, मी सिडकोत राहतो, वय ४१. अंबडला कंपनीत आहे, शिफ्ट सुटली की आठवड्यातून तीन दिवस तलवारबाजीच्या प्रॅक्टिसला जातो, दीड वर्ष झालं, शस्त्र एपी. दरवेळी पाच पॉइंटच्या बाउटमध्ये (लढतीत) ३-३ पर्यंत बरोबरी असते आणि मग कॉलेजची पोरं पुढचे दोन पॉइंट घेऊन जातात. लंज (पुढचा पाय लांब टाकून मारायची झेप) बऱ्यापैकी जमतो, आता डावपेच शिकायचे कसे, की अजून नवीन मूव्ह शिकू?

उत्तर : दादा, नवीन मूव्ह सध्या नकोच. ३-३ ला काय होतं ते आधी बघू, कारण तिथे बहुतेक जण घाई करतात, लांबूनच छातीसाठी झेपावतात आणि त्यात पाय आधी निघतो, हात मागे वाकलेलाच राहतो. एपीत पूर्ण अंग टार्गेट, आणि हल्ला आधी कोणाचा हे बघतच नाहीत, टोक आधी कोणाचं लागलं एवढंच, म्हणजे तुमचं उघडं पडलेलं मनगट पोरांना आयतं मिळतं. (तलवारबाज भवानी देवीला टोकियो ऑलिंपिकमध्ये बघून बरेच जण या खेळात येतात, मला त्याचा खूप आनंद होतो, पण तिचं शस्त्र सेबर, तिथले नियम वेगळे, तिचे व्हिडिओ बघून एपीचे डाव बसवू नका.)

हातासाठी जुनाच व्यायाम करा, जोडीदाराने खांद्याच्या उंचीवरून हातमोजा सोडायचा आणि तुम्ही लंज करून तो हवेतच पकडायचा, पाय आधी टाकला की मोजा निसटतो, लगेच कळतं.

आता डावपेच. पहिले दोन पॉइंट समोरच्याला ओळखण्यात घालवा, गेले तरी चालतील. हात लांबवून अर्धं पाऊल पुढे जा आणि तो काय करतो ते बघा, मागे सरकतो, पॅरी करतो (पात्याने वार अडवतो) की सरळ हातावर मारतो? दरवेळी चार नंबरचीच (छातीच्या आतल्या बाजूची) पॅरी घेत असेल तर पुढच्या वेळी तीच हालचाल दाखवून टोक त्याच्या पात्याखालून दुसऱ्या बाजूला न्या. हातावर मारणारा असेल तर मुद्दाम खोटा हल्ला करा, त्याचा हात बाहेर आला की सहाची (बाहेरच्या बाजूची) पॅरी आणि लगेच रिपोस्ट, म्हणजे उलट वार. माझ्या मते चाळिशीतल्या खेळाडूचं खरं बळ हेच, पोरांच्या वेगामागे धावून ते मिळत नाही.

आणि एक हिशोब पक्का लक्षात ठेवा, दोघांची टोकं १/२५ सेकंदाच्या आत लागली तर दोघांनाही पॉइंट, यालाच डबल म्हणतात. म्हणजे तुम्ही ४-३ ने पुढे असाल तर डबलवरही तुम्हीच जिंकता, मग पुढे यायची गरज त्याला असते, तुम्हाला नाही. (४-४ ला मात्र डबल धरत नाहीत.) पाच पॉइंटच्या बाउटला तीन मिनिटं असतात, ३-३ ला अंतर राखून थांबायला भरपूर वेळ आहे.

महिनाभर जोडीदाराला सांगून बाउट ३-३ पासूनच सुरू करा, एका संध्याकाळी आठ-दहा तरी होतील, आणि प्रत्येकीनंतर शेवटचा पॉइंट कशाने गेला ते वहीत एका ओळीत लिहा. ती वही घेऊन कोचकडे जा, मग कोणती मूव्ह शिकायची ते तेच सांगतील.