नागपूरहून एका दिवसात जाऊन येण्यासारखं मासेमारांचं गाव कोणतं?

मुलांना मासेमारांचं गाव दाखवायला कोकणातच जावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही लागत. आपल्याकडे समुद्र नसला तरी वैनगंगा आहे, तलाव आहेत आणि त्यावर पिढ्यानपिढ्या जगणारे ढिवर, म्हणजे इकडचे मासेमार, आहेत. मी स्वतः ढिवर घरातला. वडील नदीत जाळं टाकायचे, मी नोकरीमुळे नागपुरात आलो. म्हणून उत्तर जरा लांबेल.

पहिल्यांदा जात असाल तर आंभोऱ्याला जा. कुही, वेलतूर करत साधारण 75 किलोमीटर. पाच नद्यांचा संगम, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ. नवा पूल झाल्यापासून बहुतेक लोक पुलावर फोटो काढतात आणि तिथूनच परत फिरतात. तुम्ही काठाकाठाने, जिथे डोंगे, म्हणजे मासेमारांच्या लहान होड्या, लावलेले दिसतील तिकडे जा.

पण वेळ सांभाळा, सगळं त्यावर आहे. जाळी संध्याकाळी पाण्यात लावतात आणि उजाडायच्या आत काढतात. नऊ वाजता पोहोचलात तर सुकत घातलेली जाळी तेवढी दिसतील. नागपूरहून चारला निघा. हिवाळ्यात पाण्यावर धुकं असतं, डोंगा दिसायच्या आधी वल्ह्याचा आवाज येतो. लहानपणी आम्ही त्या आवाजावरून कोणाचा बाप आला ते ओळखायचो.

डोंगा काठाला लागला की बाया पुढे होतात. जाळ्यातून मासे सोडवणं, रोहू, कतला वेगळे करणं, मरळ जिवंत राहावी म्हणून पाण्यात ठेवणं, झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, निवडणं. गावोगाव टोपली घेऊन फिरणं आणि गिऱ्हाइकाशी भाव ठरवणं हेही बायांचंच काम. माझ्या आईने वीस वर्षं ते केलं. मासेमार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे फक्त डोंग्यातला माणूस येतो, म्हणून मुलांना हे नक्की दाखवा.

कॅमेरा लगेच बाहेर काढू नका. मागच्या वेळी माझ्यासोबत आलेल्या मित्राने काढला, तर एक मावशी म्हणाल्या, "पहिले बसा तं भाऊ, फोटो मंग काढजा." अर्धा तास बसा, काकाजी, मावशी म्हणून बोला, जाळं कसं विणतात ते विचारा. डोंग्यात बसवा म्हणून हट्ट धरू नका. तो कामाचा आहे, लहान मुलांसाठी सुरक्षित नाही. मासळी मात्र तिथेच विकत घ्या आणि सांगतील तो भाव द्या. थंडीत रात्रभर जागून काढलेली असते ती.

आता थोडं पाण्याबद्दल. या भागातली नदी आज वाहती राहिलेली नाही. खाली गोसेखुर्द धरण आहे, त्याची पायाभरणी 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झाली. पुढे पाणी अडलं, काठची गावं हलली. वडिलांना नदीतला एकेक डोह नावाने ठाऊक होता, कोणत्या महिन्यात कोणत्या डोहात कोणता मासा बसतो हेही. ते सगळे डोह आता एकाच पाण्याखाली आहेत. रोहू, कतला, मृगळ यांना अंडी घालायला पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. म्हणून मत्स्यबीज बाहेरून आणून सोडावं लागतं. जिरे, बोटुकली हे शब्द तुम्हाला काठावर ऐकू येतील, ते त्या बीजाच्या आकाराचे आहेत.

आणि आपली नाग नदी. नागपूरचं सांडपाणी घेऊन ती कन्हानला मिळते आणि कन्हान इथे वैनगंगेत येते. त्या घाणीवर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी माजते. ती पसरली की जाळं टाकता येत नाही, डोंगा अडकतो. आपल्या न्हाणीतलं पाणी कुठे जातं हे मुलांना नकाशावर सांगण्यापेक्षा या काठावर उभं राहून सांगा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. माझ्याच शहराचं पाणी माझ्याच माणसांच्या जाळ्यात जातं.

तलावावरची मासेमारी बघायची असेल तर गोंदिया जिल्ह्यातलं नवेगावबांध. सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आहे, दिवस पूर्ण जातो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हा तलाव बांधल्याचं सांगतात. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातले, तलाव आहेत, लोक त्यांना मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात काही तलावांत माजलेली बेशरम नावाची झुडपं ढिवर बायांनी उपटून काढली आणि देशी पाणवनस्पती लावल्या, म्हणजे माशांना पुन्हा चारा आणि आडोसा मिळतो. कोणी दाखवायला तयार झालं तर असा एखादा छोटा तलाव बघाच, मोठ्या बांधापेक्षा तिथे जास्त कळतं.

जेवणाची सोय गावात गृहीत धरू नका, डबा न्या. कोणी आग्रहाने बसवलंच तर झिंग्यांचा चिचेच्या कोळातला रस्सा आणि भात नाकारू नका, आणि निघताना घरात किती लोक आहेत ते बघून डाळ, तेल, साखर असं काहीतरी ठेवून या. दिवाळीच्या आसपास गेलात तर तलावातले शिंगाडे मिळतात, तेही आमचेच लोक लावतात. उकडलेले काळे घ्या, दोन किलो तरी. उमरेड रोड लागेपर्यंत मुलं अर्धे संपवतात.