हार्वर्डचा गेम डेव्हलपमेंटचा कोर्स करू की डायरेक्ट युनिटी शिकू?

तुम्ही बीएस्सी कॉम्प्युटर सेकंड इयरला, सी थोडंफार येतं आणि प्रश्न असा की हार्वर्डचा सीएस५० (त्यांची ऑनलाइन कॉम्प्युटर कोर्सची मालिका) वाला गेम डेव्हलपमेंटचा कोर्स करू की यूट्यूब बघून सरळ युनिटी (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उघडू. कोर्स करा. आणि त्यातला लुआ या प्रोग्रॅमिंग भाषेचा भाग बोअर वाटला तरी सोडू नका, युनिटी शेवटी येतंच त्यात.

कोर्स २०१८ चा, कोल्टन ऑग्डेन शिकवतो. शेवटची युनिटीची लेक्चर सोडली तर दर लेक्चरला एक जुना गेम घेतो, पाँग, फ्लॅपी बर्ड, ब्रेकआउट, मारिओ, झेल्डा, पोकेमॉन वगैरे, आणि लुआत लिहायच्या लव्ह टूडी नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कमध्ये रिकाम्या स्क्रीनपासून बनवत जातो. (लुआत अ‍ॅरे सीसारखा ० पासून नाही, १ पासून मोजतात, सी वाल्यांची पहिले काही दिवस चिडचिड होते.)

पहिलं पाँगचंच लेक्चर नीट बघा. सगळा गेम म्हणजे एक लूप, आधी अपडेट मग ड्रॉ, परत अपडेट परत ड्रॉ, बास. पॅडलचा (चेंडू अडवायच्या पट्टीचा) स्पीड सेकंदाला २०० पिक्सेल ठेवलाय. स्क्रीन सेकंदाला ६० वेळा काढली जात असेल तर एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत साधारण ०.०१६७ सेकंद जातात, २०० ला त्याने गुणलं की पॅडल एका फ्रेममध्ये ३.३ पिक्सेल सरकतं. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम दाखवणाऱ्या मॉनिटरवर दर फ्रेमला कमी सरकेल पण फ्रेम जास्त असल्यामुळे सेकंदाअखेर हिशोब २०० चाच. हे गुणायचं राहिलं तर मित्राच्या भारी लॅपटॉपवर तोच गेम सुसाट पळतो आणि खेळताच येत नाही. युनिटीत टाइम डॉट डेल्टाटाइम म्हणून हेच असतं, व्हिडिओ बघून लोक ते टाइप करतात पण का ते विचारा, बहुतेक जण गप्प.

फ्लॅपी बर्डमध्ये पक्षी पुढे जातच नाही, फक्त वरखाली, मागचं चित्र सेकंदाला ३० पिक्सेलने आणि जमीन ६० ने डावीकडे सरकते म्हणून चित्राला खोली असल्यासारखी वाटते. पोकेमॉनच्या लेक्चरमधला स्टेट स्टॅक (गेमचे प्रसंग एकावर एक रचायची पद्धत) तर मला सगळ्यात आवडला, मैदानाच्या वर लढाई ठेवायची, लढाई संपली की वरून काढून टाकायची, खाली तुम्ही होता तिथेच उभे.

कोर्स कमी पडतो तो डिझाइनमध्ये. गेम का खेळावासा वाटतो यावर फार बोलत नाहीत. पण फ्लॅपीच्या असाइनमेंटमध्ये दोन पाइपमधली फट कमीजास्त करायला सांगितलीय, ती करताना आकडे बदलून घरातल्या लहान भावंडाला खेळायला द्या आणि तो कुठे वैतागतो ते बघा, कितीच्या खाली जायचं नाही ते लगेच कळतं.

लव्ह टूडीच्या ११ व्या व्हर्जनपासून रंग ० ते १ मध्ये द्यावे लागतात, लेक्चरमध्ये ४०, ४५ असे आकडे दिसले तर २५५ ने भागा, नाहीतर स्क्रीन पांढरी का दिसतेय म्हणून रात्र जाईल. एडएक्स साइटवरच्या व्हेरिफाइड सर्टिफिकेटला पैसे लागतात, मी तरी भरणार नाही. लेक्चर आणि कोड फुकट आहे, तेवढे पैसे ठेवा आणि ब्रेकआउटमध्ये स्वतःचे दोनचार पॉवरअप (खेळाडूला थोडा वेळ जादा ताकद देणाऱ्या गोष्टी) घालून तो गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर टाका.