सांगली-कोल्हापूरचा महापूर रोखायचा तर नदीकाठी उंच संरक्षक भिंत हाच उपाय नाही का?

नाही. आणि भिंत मागणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पुराचे पाणी गावात नेमके कोणत्या वाटेने शिरते, हे पाहिलेले नसते असे माझे स्पष्ट मत आहे. मी नद्यांच्या परिसंस्थेचा अभ्यास करते आणि माझे माहेर मिरज तालुक्यात कृष्णेच्या काठावर आहे, त्यामुळे या प्रश्नावर मला तटस्थ राहता येत नाही.

आमची नदीलगत दोन एकर मळी, म्हणजे गाळाची जमीन, होती. माझ्या लहानपणी पावसाळ्यात तिथे गवताशिवाय काही नसे. पाणी चढे, चार दिवस राही आणि उतरताना पोयट्याचा थर ठेवून जाई, ज्यावर पुढे शाळू, हरभरा आणि वांगी होत. मागे राहिलेल्या डबक्यांत माशांची बोटभर पिल्ले असत. चढणीचे मासे उथळ, उबदार पाण्यात अंडी घालायला येतात, हे आजीला ठाऊक होते. पूर आणि पूरमैदान ही नदीच्या जगण्याचीच अंगे आहेत, हे जंक, बेली आणि स्पार्क्स या नदी-अभ्यासकांनी १९८९ मध्ये शास्त्रीय भाषेत मांडलेले मी पुष्कळ पुढे वाचले.

२००५ च्या पुरानंतर थोरल्या चुलत्यांनी, म्हणजे आप्पांनी, त्या मळीत भराव टाकला, शेजारचा ओढा सिमेंटच्या नळ्यांत घालून बुजवला आणि वर गाळे बांधले. काठावरची वाळुंजाची आणि करंजाची झाडेही त्यातच गेली. मी तेव्हा संशोधन करत होते आणि घरात एकटीनेच विरोध केला. माशांची अंडी मोजणाऱ्यांनी आम्हाला पुराचे गणित शिकवू नये, असे आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. आमचा भराव पहिले दोन दिवस कोरडा राहिला आणि आप्पांनी मला तसे फोन करून सांगितले. पण ज्या ओढ्यातून गावठाणाचे पाणी नदीत उतरत असे, त्याच्याच नळ्यांतून नदी उलटी चढली आणि मागल्या गल्लीत, जिथे २००५ लाही पाणी आले नव्हते, तिथे छातीएवढी उभी राहिली. नदी उतरल्यानंतरही त्या गल्लीतले पाणी तीन दिवस हलले नाही, कारण नळे गाळाने गच्च भरले होते. एका कुटुंबाच्या दावणीच्या दोन म्हशी त्या पाण्यात गेल्या. त्या आमच्या भरावामुळे गेल्या असे मी मानते आणि घरातही तसेच म्हटले आहे.

आपण म्हणता ती भिंत हेच काम मोठ्या प्रमाणावर करील. हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. या पट्ट्यात उतार मंद आहे, त्यामुळे तिन्ही नद्या एकदम भरल्या की पाणी पुढे सरकण्याऐवजी मागे फुगते. एका काठावर अडवलेले पाणी समोरच्या काठावर आणि वरच्या गावांत चढते, भिंतीआडचे पावसाचे पाणी आतच साचते, आणि भिंत झाली की तिच्या भरवशावर लोक आणखी खाली घरे बांधतात.

नृसिंहवाडीला नदी चढू लागली की उत्सवमूर्ती वर हलवतात, आणि दत्ताच्या पादुकांवरून आलेले पाणी मंदिराच्या दक्षिण दरवाजाने बाहेर पडू लागले की लोक त्या दक्षिणद्वार सोहळ्यात श्रद्धेने स्नान करतात. पूर पचवण्याची क्षमता म्हणजे काय, हे मला विद्यार्थ्यांना समजावताना याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही. नेदरलँड्समध्ये १९९५ साली सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. त्यानंतर त्या देशाने नाइमेखन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे घेऊन नदीला जागा परत दिली, आणि त्यासाठी काही घरेही हलवली.

हे लिहिताना दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. ज्या जुन्या, दाट वस्तीला हलवणे शक्य नाही, तिथे मर्यादित भिंत लागू शकते, मात्र प्रत्येक नाल्याच्या तोंडावर दरवाजे आणि पंप असतील तरच. शिवाय कोयना धरणाचा विसर्ग आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पातळी यांच्या वेळापत्रकाचे महत्त्व मी नाकारत नाही. मी धरणांची अभियंता नाही.

आपली स्वतःची जमीन निळ्या पूररेषेच्या, म्हणजे वारंवार पूर येणाऱ्या पट्ट्याच्या सरकारी सीमेच्या, आत असेल तर तिथे भराव टाकू नका, ओढा मोकळा ठेवा, आणि घरातले कोणी वडीलकीच्या अधिकाराने ते रेटत असेल तर वाईटपणा घेऊन विरोध करा. मी तेव्हा एकदा बोलून गप्प बसले, ही माझी चूक होती. आप्पांच्या गाळ्यांखालचा ओढा आजही बुजलेलाच आहे; तो उघडण्याचा सगळा खर्च मी देईन, असे गेल्या महिन्यात मी त्यांना पत्राने पुन्हा कळवले आहे.